हॅलो चेक, एक-दोन-तीन

परवा नाशिकच्या रविवार कारंजावर डेमोशेठ भेटला. हातात पिशवी, पिशवीत मेथीची जुडी, कानात इअरफोन. मला बघून त्याने एक इअरफोन काढला आणि म्हणाला, "झालं बरं का एकदाचं!" माझ्या पोटात गोळाच आला. इतक्या वर्षांनी गाणं झालं की काय? "नवीन डाउनलोड झालं. पूर्ण फुकट. आता बघ तू."

तुमच्या ओळखीतही असा एक असणारच. मेथीऐवजी कोथिंबीर, एवढाच फरक. आमचा हा दिवसा अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि रात्री साडेनऊनंतर पंचवटीतल्या घराच्या मागच्या खोलीला 'स्टुडिओ' म्हणतो. पेटी बरी वाजवतो. गळा, खोटं कशाला बोलू, गोड आहे. चालीही सुचतात. ऐकव म्हटलं की मोबाइलवर काहीतरी पुटपुटल्यासारखं लावतो आणि वर सांगतो, "हा फक्त डेमो आहे हं." त्या डेमोच्या पुढची वस्तू आजवर कोणी पाहिलेली नाही. म्हणून डेमोशेठ.

माझं त्याच्याशी भांडण जुनं आहे. २०१५ च्या सिंहस्थासाठी गोदावरीवर एक गीत करायचं ठरलं. शब्द माझे, चाल त्याची. मी एका रात्रीत मुखडा आणि दोन अंतरे लिहून दिले. (तिसरा त्याने मागितला नाही, मी तयार ठेवला होता.) मग साधू आले, शाही स्नानं झाली, तपोवनातले तंबू उठले आणि गीत 'सेटअप'मध्येच राहिलं. आता २०२७ चं धरलंय. चुकलेल्या कामाला बारा वर्षांची मुदतवाढ आपोआप मिळणारा संगीतकार नाशिकशिवाय कुठे सापडायचा?

त्याची पद्धत ठरलेली. नवं सॉफ्टवेअर उतरवायचं, हेडफोन चढवायचे, माइक पुढे ओढायचा, लाल बटण दाबायचं आणि गंभीर आवाजात म्हणायचं, "हॅलो, चेक. एक... दोन... तीन..."

की बाहेर झोपाळ्यावरून आप्पा ओरडणार, "चार!"

आप्पा म्हणजे त्याचे वडील. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. उभा जन्म मोजणीत गेलेला माणूस. कोणी तीनवर थांबलं की त्यांच्या जिवाला घोर लागतो. शिवाय स्वतः भजनी मंडळात पेटीवर बसलेले. "एक-दोन-तीन काय? चार म्हण आणि सुरू हो की!" हे त्यांचं साधं म्हणणं.

सुरुवात ऑडॅसिटीपासून झाली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी मिळून रचलेलं, २००० साली जगाला फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर. दाबा आणि गा, इतकं सोपं. पण डेमोशेठला सोपं मानवत नाही. त्याला पंख्याची घरघर ऐकू आली. मग त्याने त्यातलं गोंगाट काढायचं हत्यार शोधलं. आधी नुसत्या घरघरीचा एक तुकडा निवडून दाखवायचा, म्हणजे सॉफ्टवेअर तिचा चेहरा लक्षात ठेवतं. मग सगळं रेकॉर्डिंग त्याच्या हवाली करायचं. दोन मिनिटांत घरघर गायब! मात्र 'चार!' ठणठणीत जागच्या जागी. कारण हे हत्यार सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजालाच ओळखतं. अचानक उसळणारा माणूस त्याच्या आवाक्यातला नाही. पंखा गेला, वडील राहिले.

मी म्हटलं, "अरे, तेवढा तुकडा निवड आणि डिलीट कर. एक कळ दाबायची." त्यावर तो तोंड वाकडं करून म्हणाला, "तसं नैसर्गिक वाटत नाही."

पुढची तक्रार, यात वाद्यं कुठेत? म्हणून एलएमएमएस आणलं. त्यात वाद्यंच वाद्यं, चौकोनात टिंबं भरली की ढोलकीसारखं काहीतरी वाजायचं. पण माइकवरून गळा थेट रेकॉर्ड करायची सोय नव्हती. एकात गळा, दुसऱ्यात वाद्यं. मी आपलं सुचवलं, यात वाद्यं कर, फाइल तिकडे ने आणि वर गा. मी मिसळीत साखर मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "प्रोफेशनल लोक असं करत नाहीत." प्रोफेशनल लोक गाणं पुरं करतात हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण वहिनी पोहे घेऊन आल्या.

त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस २०१८ चा. केकवॉक नावाचं मोठं सॉफ्टवेअर, लोक भरपूर पैसे मोजून घ्यायचे ते. गिटारवाल्या गिब्सन कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरात त्याचं काम थांबवलं. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतलं आणि एप्रिलमध्ये फुकट देऊन टाकलं. डेमोशेठने पेढे वाटले. आप्पांनी पेढा उचलून विचारलं, "गाणं झालं?"

"नाही हो आप्पा. सॉफ्टवेअर फुकट झालं."

आप्पांनी पेढा खाल्ला. मग बराच वेळ झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती.

रीपर नावाचं एक आहे, विनॅम्प लिहिणाऱ्या माणसाचं. साठ दिवस वापरून बघा म्हणतं आणि साठाव्या दिवसानंतरही बंद पडत नाही, नुसती आठवण करत राहतं. अर्ध्या जगाने या सभ्यपणाचा फायदा घेतला असेल. डेमोशेठने एकोणसाठाव्या दिवशी ते स्वतःहून काढून टाकलं. "उगाच मिंधेपणा नको." आर्डर नावाच्या सॉफ्टवेअरच्या वेळी मात्र कहर झाला. ते लिनक्सवर चांगलं चालतं असं कळल्यावर त्याने अख्खा कॉम्प्युटरच पुसला, त्यात वहिनींच्या पोळीभाजीच्या डब्यांचा दोन वर्षांचा हिशेब गेला. चेकच्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर सुखरूप होत्या. तेव्हापासून वहिनी या सगळ्या प्रकाराला 'ते तुमचं' म्हणतात.

आता थोडं त्याच्या बाजूनेही. यातलं बहुतेक कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, समोर मिनिटाला १२० ची लय आणि चार मात्रा मांडून ठेवलेल्या असतात. आमची चाल रूपकातली, सात मात्रांची. मेट्रोनोम आपला टक-टक करत एक-दोन-तीन-चार मोजतो. (इथे आप्पा आणि यंत्र यांचं एकमत.) ते सात करावे लागतात. मग मिडी. १९८३ साली बाजारात आलेली ही भाषा आवाज पाठवतच नाही. फक्त निरोप पाठवते, अमुक पट्टी दाबली, शून्य ते १२७ यांपैकी इतक्या जोराने, आता सोडली. काळी एकपासून पांढरी दोनवर मींड कशी घ्यायची, याबद्दल पट्टीला काहीच सांगायचं नसतं. त्यासाठी बाजूला चाक असतं, ते फिरवावं लागतं. आकाशवाणीने पेटीवर १९४० पासून तीस वर्षं बंदी घातली होती, तीही अशाच कारणासाठी, की पेटीच्या स्वरांना वाकता येत नाही. आप्पांना तो राग अजून आहे. "आमच्या पेटीला नाकारलं आणि आता हा डबा घरात!"

आणि ती लेटन्सी. आपण 'सा' लावायचा आणि तो हेडफोनमध्ये जरासा मागून यायचा, आपलाच कोणी चेष्टेखोर भाऊ मागे उभा असल्यासारखा. सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे आणि १,०२४ जमेपर्यंत थांबायचं, म्हणजे एका खेपेला तेवीस मिलिसेकंद गेले. जाताना-येताना दुप्पट. हा आकडा कमी केला की कॉम्प्युटरची दमछाक होते आणि कढईत पापड सोडल्यासारखी तडतड सुरू होते. डेमोशेठने या कमी-जास्तात एक आख्खा श्रावण घालवला. आप्पांच्या 'चार'ला मात्र लेटन्सी कधीच नव्हती.

मध्यंतरी त्याने कुठेतरी पाहून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायचं काढलं. सोवळं पाळणारं घर, शेजारी देऊळ, आणि हा रिक्षातून शंभर ट्रे घेऊन उतरला! आळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बरं, ट्रे आवाज अडवत नाहीतच. वरच्या पट्टीतला थोडा इकडेतिकडे विखुरतात, इतकंच. शेवटी वहिनींनी दोन गोधड्या टांगल्या, त्यांनी जास्त काम केलं. त्याच गोधड्यांआड बसून तो एका भाद्रपदात 'इंडियन ड्रम्स' नावाचं आठ जीबीचं पोतं उतरवून घेत होता. खाली ढोलपथकाचा सराव चालू होता. नाशिक ढोल म्हणून मुंबईपासून लोक ज्याला बोलावतात, तो ढोल खिडकीच्या तावदानांना हादरवत होता आणि हा मला म्हणाला, "खिडकी लाव रे, डिस्टर्ब होतंय."

त्या दिवशी मी तडकलो. तर त्याने फाळक्यांना मधे आणलं. "फाळक्यांकडे तरी कुठे मोठा स्टुडिओ होता? घरातच केलं ना सगळं?" केलं ना! वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावून त्याची वाढ टिपली, सरस्वतीबाईंनी घरचं सगळं सांभाळून फिल्मला भोकं पाडली, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे बिऱ्हाड नाशिकलाच आणलं. पण फाळके कॅमेऱ्यासमोर 'चेक, एक-दोन-तीन' करत बसले असते तर तो हरिश्चंद्र अजून स्मशानातच पहारा देत असता. हे मी बोललो. त्याने शांतपणे ऐकलं आणि माझंच वाक्य रेकॉर्ड करून आवाजाची पातळी तपासली.

परवा मेथीसकट तो मला घरी घेऊन गेला. नवीन सॉफ्टवेअर उघडलं. हेडफोन, माइक, लाल बटण. "हॅलो, चेक. एक... दोन... तीन..."

मी दाराकडे बघितलं. आप्पा झोपाळ्यावरच होते, पाय हळूहळू टेकवत, रस्त्याकडे बघत. डेमोशेठ बटणावर बोट ठेवून थांबला. मोजून चार मात्रा तरी थांबला असेल. मग त्याने रेकॉर्डिंग बंद केलं.

"ऐकू येत नाही त्यांना आता," तो म्हणाला. "सात-आठ महिने झाले. मशीन आणलंय, पण शिट्टी मारतं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतात."

मी काहीतरी बोलायचं म्हणून गाण्याचं विचारलं. त्याने उत्तर न देता एक फोल्डर उघडलं. नाव, 'चेक'. आत तीनशेच्या वर फाइली, प्रत्येकीवर तारीख आणि सॉफ्टवेअरचं नाव. इतकी टापटीप तो स्टोअरमध्येही ठेवत नसेल. मग हेडफोनची लांब वायर ओढत तो ओसरीवर गेला, आप्पांच्या कानांवर हेडफोन नीट बसवले, त्यांची टोपी सारखी केली आणि आत येऊन आवाज शेवटपर्यंत वाढवला. इतका, की मला खोलीत बसूनही बारीक ऐकू येत होतं. एक... दोन... तीन... चार! दुसरी फाइल. एक... दोन... तीन... चार म्हण की! मागे कुठल्यातरी श्रावणातला पाऊस.

आप्पा मान थोडी तिरकी करून ऐकत होते. पाच-सहा फाइली झाल्या तशी त्यांची भुवई चढली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले, "कोण रे हा मेला? सारखा मधे ओरडतोय. काढून टाक त्याला!"

"तो निघत नाही, आप्पा," डेमोशेठ म्हणाला.

ते आप्पांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हात वर करून खूण केली, पुढचं लाव.