भोक कशात पाडायचंय?

आमच्या सोसायटीत ड्रिल मशीन तिघाचौघांकडे आहे, पण घड्याळ टांगायची वेळ आली की सगळे जातात ते नानांकडेच. नाना भोसरीतल्या एका टूलरूममध्ये हयात घालवून निवृत्त झालेले. "नाना, जरा ड्रिल मिळेल का?" असं म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कशात?" कशासाठी, हे ते विचारत नाहीत. तसबीर सासऱ्यांची असो की साहेबांची, त्यांना देणंघेणं नाही. वीट, काँक्रीट, टाइल की पत्रा, तेवढं बोला.

ते कुणालाच सांगता येत नाही. मग मशीन मिळत नाही, नाना मिळतात. कानावर पेन्सिल, काखेत श्रीखंडाचा जुना डबा. डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेली बिटं. आधी भिंतीवर टिचकी, मग यजमानांची हजेरी. "बटणाच्या बरोब्बर वर भोक? वायर कुठून जाते, ठाऊक आहे का?" मशीन सुरू झालं की नजर बुऱ्यावर. "लाल आला, वीट आहे. हॅमर नको." करडा आला की चेहरा खुलतो. "काँक्रीट! आता लावा हॅमर." टाइलवर मात्र हॅमर लावणाऱ्याच्या घरचा ते चहा घेत नाहीत. तिथे आधी चिकटपट्टी, मग भाल्याच्या टोकाचं बिट, आणि घरातल्यांनी गप्प बसायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण इंजिनिअरनं सोनेरी बिटांचा सेट मागवला. नानांनी एक उचलून पाहिलं. "मुलामा चांगलाय. पण एकदा धार लावली की टोकावरचा जाईल." पुढच्याच रविवारी त्या पठ्ठ्यानं गॅलरीच्या स्टेनलेसच्या पाइपवर भिंतीचं बिट लावून मशीन पूर्ण वेगात सोडलं. टोक निळं पडलं, पाइपावर नुसता चकचकीत ठिपका. "जाळलंत," नाना म्हणाले. "ते कार्बाइडचं टोक कुटायला असतं, कापायला नाही. आणि स्टेनलेस नुसतं घासत बसलं की आणखी कडक होतं." मग त्यांनी ठिपका सोडून शेजारी पंच मारला, कोबाल्टचं 135 अंशांचं बिट चढवलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि सावकाश, दाब न सोडता आरपार गेले. दोन्ही बाजूंनी सारखी जिलबी निघाली. ती त्यांनी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली.

साध्या बिटांना धार ते घरच्या ग्राइंडरवर लावतात. "118 अंश. नजरेनं." कुणी शंका घेतलीच, तर थोडा विचार करून, "फार तर 119 असेल."

परवा कुलकर्णीवहिनी त्यांच्या दहावीतल्या चिरंजीवांची तक्रार घेऊन आल्या. "कितीही बोला, नाना, ऐकतच नाही."

"स्टेनलेस आहे तो," नाना म्हणाले. "दिवसभर घासत बसाल, तर आणखी कडक होईल. वेग कमी, दाब कायम. आणि मधूनमधून थोडं तेल."

आतून काकूंचा आवाज आला, "आणि हे स्वतः बीड आहेत हो, वहिनी. बिडाला तेल चालत नाही. कोरडंच घ्यावं लागतं."

"बरोबर आहे," नाना अभिमानानं म्हणाले. "मीच शिकवलंय."