काकांना लागतं

बोरिवलीच्या वझिरा नाक्याकडल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, हे काका भेटतीलच. लिफ्टमध्ये नुसतं 'काय काका, आज लवकर?' विचारून बघा. दुसरा कोणी 'हो, काम आटपलं' म्हणून विसरून जाईल. काका चौथ्या मजल्यापर्यंत गप्प राहतात आणि चपला काढता काढता काकूंना सांगतात, "म्हणजे एरवी मी उंडारून उशिरा येतो, असं म्हणायचंय त्याला!"

तब्येत छान दिसतेय म्हटलं, तर पोट काढलं. बारीक झालात म्हटलं, तर डायबेटीस काढला. शेजारच्या वहिनींचा डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून काकूंनी त्यात कोथिंबीरवडी घातली. वहिनी म्हणाल्या, "अहो, कशाला?" काकांचा निकाल: आपली वडी तिला नकोच होती. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने टाकलं, 'काही सभासदांचा मेंटेनन्स बाकी आहे.' काकांचा आगाऊ भरलेला. तरी त्या 'काही'पायी त्यांची झोप उडाली. पहाटे पावतीचा फोटो टाकला. सेक्रेटरीने त्यावर अंगठ्याची इमोजी दिली. "मला अंगठा दाखवतो!"

टोमणे मारणारे जगात नाहीत, असं नाही. काकांचे घाटकोपरचे साडू नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून दुसरं काही बोलतच नाहीत. "तुमचं बरंय, रीडेव्हलपमेंटची कटकटच नाही!" हे त्यांचं ताजं वाक्य. यावर मात्र काका खूश. साडू मनाने मोठा माणूस, ही त्यांची समजूत लग्नापासूनची.

आणि याच काकांना सकाळी चर्चगेट फास्टमध्ये बघावं! पाठीत कोपर, पायावर बूट, 'ओ अंकल, उतरायचं नाही तर दारात कशाला?' अंधेरीला लोंढा आत घुसतो तेव्हा कुळाचाही उद्धार होतो. काका उभ्याउभ्या डुलकी काढतात. विचारलं तर म्हणतात, "गर्दी आहे हो. मुद्दाम कोण करतंय?" एवढं शहाणं वाक्य बोरिवलीला उतरताना नेमकं कुठे पडतं, देव जाणे. सोसायटीच्या गेटात शिरेपर्यंत त्यांची खात्री झालेली असते की इथे सगळं मुद्दामच चालतं, आणि तेही आपल्यालाच उद्देशून.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1955च्या सुमारास हेच मांडलं. समोरचा बोलतो आणि आपल्याला लागतं, या दोन्हींच्या मधे आपली समजूत ठाण मांडून बसलेली असते; दुखवते ती. कि. मो. फडके यांनी त्याचं शास्त्र आपल्याकडे रुजवलं, डॉ. अंजली जोशी यांनी त्याच्यावर 'मी, अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली. मुलुंडच्या भाच्याने ती काकांना वाढदिवसाला दिली. ("म्हणजे मला वेडा ठरवलं!") वर एलिसचा किस्साही ऐकवला. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भीती मोडायला तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन बसला, शंभर अनोळखी बायकांशी बोलला. भेटायला एकच कबूल झाली. तीही आली नाही. एलिस धडधाकट राहिला, आणि भीती पळाली.

काकांनी शांतपणे ऐकलं. पुस्तकही दोन दिवसांत संपवलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी चहा पुढे करत विचारलं, "कसं आहे हो?"

"कसं असायचं? म्हणे, बोलणाऱ्याचा दोष नाही, ऐकणाऱ्याच्या डोक्यात घोळ." काकांनी कप बाजूला सरकवला. "तो भाचा काय, आणि हा एलिस काय. मी याचं काय घोडं मारलं होतं गं?"