उगवता, वय चाळिशीपार

म्हातारपणावर संशोधन व्हावं म्हणून अमेरिकेत 1974 साली एक सरकारी संस्था निघाली, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग. 'उगवत्या' संशोधकांसाठी तिच्याकडे अनुदानांची बाराखडीच आहे: के 01, के 08, के 23, के 99. एसटीच्या फलाटावर उभं असल्यासारखं वाटतं. यातली के 99 ही गाडी चुकवायची नाही. पीएचडीनंतरच्या उमेदवारीची चार वर्षं सरायच्या आत अर्ज गेला पाहिजे. लाभली तर जास्तीत जास्त दोन वर्षं गुरूच्या सावलीत, पुढची तीन स्वतःच्या पायावर. (अर्थात तोवर प्राध्यापकी मिळाली तर!)

मग खरं घबाड, आर 01 हे मोठं अनुदान. ते पहिल्यांदा हाती पडेपर्यंत संशोधकानं सरासरीनं चाळिशी ओलांडलेली असते. तरी शेवटच्या पदवीला दहा वर्षं होईपर्यंत कागदोपत्री तो 'सुरुवातीच्या टप्प्यातला'च. आपल्याकडे या वयात माणूस शुगर तपासायला लागतो.

याच संस्थेचा पैसा लागलेली, भारतातल्या म्हातारपणाची 'लासी' ही पाहणी मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं पार पाडली. माणसं 72,000 च्या वर, मुख्य अट वय वर्षे 45 आणि पुढे. म्हणजे पहिल्या मोठ्या अनुदानाचं पत्र आलं की पेढे वाटायचे, चाळशी पुसायची आणि दार उघडं ठेवायचं. प्रश्नावली घेऊन कुणीतरी येतच असेल. पकडीची ताकदही मोजतात म्हणे. वर्षानुवर्षं अर्ज खरडल्यानं ती बरी भरेल.