चाळीस मायक्रॉनचा संसार

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक खजिनदार असतो आणि एक तकाकीदार असतो. पहिल्या दोघांना वार्षिक सभेत आग्रह करकरून खुर्चीवर बसवावं लागतं; तकाकीदार स्वयंभू. रविवारी सकाळी साडेसहाला, पेपरवाला यायच्या आत, तो पार्किंगमध्ये उतरलेला असतो. अंगात कुठल्याशा विमा कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट, पायात स्लीपर, हातात दोन बादल्या आणि खांद्यावर मायक्रोफायबरची फडकी. बोनेटचं फडकं निळं, दारांचं पिवळं, चाकांचं राखाडी. चाकांचं फडकं चुकून बोनेटला लागलं तर तो रविवार सुतकात जातो. स्वतःच्या डोक्याला अंगाचाच साबण फासून मोकळा होणारा हा गृहस्थ गाडीचा शांपू घेताना मात्र दुकानदाराला पीएच विचारतो. 'अहो, चहा निवतोय,' असा गॅलरीतून दुसऱ्यांदा पुकारा झाला की 'फोम चढवलाय, आत्ता हलता येणार नाही,' असं उत्तर वर जातं. खेळणाऱ्या पोरांना 'बॉल तिकडे रे', कुरिअरवाल्याला 'दादा, बॅगेची चेन लागेल', आणि दम खायला गाडीला टेकलेल्या तळमजल्यावरच्या आजोबांना 'आजोबा, जरा सरळ उभे राहता का?', एवढीच त्याची समाजाशी देवाणघेवाण. उरलेला वेळ तो वाकून, एक डोळा मिटून, दारावरून तिरपी नजर टाकत असतो.

लोक त्याला वेडा म्हणतात, तो स्वतःला रक्षक मानतो. मला दोन्ही मान्य नाही. वेडा तो खासच नाही, कारण त्याच्या प्रत्येक कृतीला कारण असतं आणि विचारलं नाही तरी ते तो सांगतो. पण रक्षकही तो नाही. माझं म्हणणं असं, की ऊन, पाऊस, कबुतरं आणि शेजारच्या गाडीचं दार या चौघांनी मिळून रंगाचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं रंगाची काळजी वाहणाऱ्या हाताने होतं. आरोप मोठा आहे, तेव्हा आधी मुद्देमाल हजर करतो. कारखान्यात गाडीचा सांगाडा विजेचा प्रवाह सोडलेल्या रंगाच्या हौदात बुडवतात. हा पहिला थर, गंजाला अडवणारा. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचं पारदर्शक आवरण. चारही थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. आपण जिला गाडीची चमक म्हणतो ती सगळी या ४० मायक्रॉनची, आणि उन्हातले अतिनील किरण शोषून खालचा रंग सांभाळायचं कामही त्यांचंच. तकाकीदाराचा सारा संसार या भांडवलावर चालतो. हे खातं असं आहे की त्यात कारखाना एकदाच भरणा करतो. नंतर फक्त काढायची सोय.

आता काढलं कसं जातं ते पाहा. आपल्या शहरांत बांधकामांना तोटा नाही आणि हल्ली नदीच्या वाळूऐवजी काळा दगड भरडून केलेली क्रश सँड वापरतात. तिची भुकटी रात्रभर गाडीवर बसते. काळ्या दगडातली खनिजं लोखंडी खिळ्यावर ओरखडा उठवतील इतकी कठीण. क्लिअर कोट झाला तरी शेवटी प्लास्टिकच्या कुळातला. धूळ नुसती बसून राहिली तर काही बिघडवत नाही. फडकं फिरलं की ती कामाला लागते. सोसायटीत गाड्या पुसणारा पोरगा एका बादलीत, एका फडक्याने ओळीने पंधरा गाड्या पुसतो आणि पहिल्या गाडीची माती पंधराव्या गाडीला पोचवतो. हे तकाकीदाराला ठाऊक असतं, म्हणून त्या पोराला त्याच्या गाडीजवळ फिरकायची बंदी असते. हा मुद्दा त्याच्या बाजूचा, नोंदवून ठेवू. पण पोराची कसर तो स्वतः भरून काढतो. रविवारी दोन बादल्यांचा विधी अगदी यथासांग होतो, यात वाद नाही. सोमवार ते शनिवार मात्र ऑफिसला निघताना डिकीतला पिसांचा झाडू बाहेर येतो, गाडी लावून वर जाताना खिशातला हातरुमाल बाहेर येतो, आणि सिग्नल लाल असला की काच खाली करून आरशाची मागची बाजू पुसली जाते. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं, दिवसातून दोनतीनदा. वर्षभराने भर दुपारी बोनेटमधल्या सूर्याभोवती बारीक रेघांचं कोळ्याचं जाळं दिसू लागतं. या रेघा खरं तर वाटेल त्या दिशेने गेलेल्या असतात. प्रकाशाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून सगळं गोल भासतं. तकाकीदार मात्र कोणीतरी गोलगोल पुसलं असा निष्कर्ष काढतो, आणि संशय वॉचमनवर जातो.

जाळं दिसलं की उपाय आला, आणि खरी गोम उपायात आहे. ओरखडा भरून निघत नसतो. कंपाउंड लावून मशीन फिरवतात तेव्हा ओरखड्याच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करतात, आणि सपाट झाला म्हणून तो चमकतो. पितळी समई पितांबरीने घासली तरी कणभर पितळ जातंच. पण समईत ते मिलिमीटरांनी असतं, चार पिढ्यांना पुरतं. इथे एका घासणीत दोन-चार मायक्रॉन जातात आणि गाठीशी असतात चाळीस. दर दिवाळीला एक घासणी धरली तरी काही वर्षांत आवरण इतकं पातळ होतं की छतावर आणि बोनेटवर पांढुरके पोपडे सुटू लागतात. मग शिव्या खातं ऊन. उन्हाने शेवटचा घाव घातला हे खरं, पण ढाल झिजवली कोणी?

ही सवय त्याने हवेतून उचललेली नाही. ती वडिलोपार्जित आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळायची, आणि तिच्या रंगावर आजच्यासारखं पारदर्शक आवरण नसायचं. उघडा रंग उन्हात मरायचा, बोट फिरवलं तर बोटाला भुकटी यायची. पॉलिश लावून घासलं की मेलेला थर निघून खालचा ताजा रंग वर यायचा. वडिलांच्या हातातलं फडकं गाडीच्या रंगाचं होत जायचं, त्यामुळे किती घासलं गेलं आणि कुठे थांबायचं हे डोळ्यांना दिसायचं. तेव्हा घासणं ही खरोखरीची देखभाल होती. मुलाच्या गाडीवरचा क्लिअर कोट पारदर्शक असल्यामुळे झिजून फडक्यावर आला तरी त्याचा रंग दिसत नाही. कारण केव्हाच गेलं, विधी तेवढा उरला. असं आपल्याकडे फक्त गाड्यांच्याच बाबतीत घडतं असं नाही, पण तो विषय या लेखाचा नव्हे.

'बरं, घासत नाही, संरक्षण देतो,' हा तकाकीदाराचा पुढचा पवित्रा, आणि इथे बाजार त्याच्या मदतीला धावून येतो. सुरुवात मेणाने होते: ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांवरचं मेण, आपल्या उन्हापावसात थोड्याच दिवसांचं पाहुणं. मग सिरॅमिक कोटिंग. मुख्य घटक सिलिकॉन डायऑक्साइड, जाडी एखाद-दोन मायक्रॉन आणि काठिण्य '९एच'. मुलीचे दहावीचे टक्के सांगताना येत नाही एवढा अभिमान हे ९एच सांगताना त्याच्या आवाजात येतो. हा आकडा पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या तासाला आपण एचबी आणि टूबी वापरायचो, त्याच पट्टीच्या कठीण टोकाची ही पेन्सिल. ठरावीक भार देऊन ती आवरणावर ओढायची, ओरखडा पडला नाही तर आवरण पास. पेन्सिलीच्या शिशात असतं ग्राफाइट आणि चिकणमाती. आता गाडीवर पेन्सिल घेऊन कोणी धावून येत नाही. येते ती क्रश सँडची भुकटी, आणि तिच्यापुढे हे प्रमाणपत्र धरून उपयोग नसतो. कोटिंगला गुण नाहीत असं मी म्हणत नाही. पाणी थेंब होऊन ओघळतं, घाण घट्ट धरून बसत नाही, धुणं सोपं होतं. धुणं सोपं झालं म्हणजे कमी धुवावं लागेल, असा अर्थ सरळ माणूस काढील. तकाकीदार थेंब ओघळताना बघायला मिळतात म्हणून जास्त धुतो. त्यातून पाणी बोअरवेलचं असलं तर वाळलेल्या प्रत्येक थेंबाजागी क्षाराचा पांढरा ठिपका उरतो, आणि तो काढायला पुन्हा घासणं आलंच. यापुढची पायरी म्हणजे पीपीएफ, ती पारदर्शक फिल्म: १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे कारखान्याने दिलेल्या सगळ्या थरांपेक्षा जाड. उडत्या खडीपासून ती खरोखर वाचवते. रोज एक्स्प्रेसवेने जाणाऱ्याने गाडीच्या पुढच्या भागाला लावली तर माझी हरकत नाही. तकाकीदार ती अख्ख्या गाडीला लावतो, फिल्म खराब होऊ नये म्हणून तिच्यावर कोटिंग चढवतो आणि कोटिंग खराब होऊ नये म्हणून वर कापडी कव्हर घालतो. कव्हरच्या आत धूळ शिरतेच. मग वारा सुटला की कव्हर हलतं आणि रात्रभर, कोणी न सांगता, गाडी कोरडी पुसत राहतं.

यावर गंजाचा आक्षेप येतो: रंग गेला तर पत्रा जाईल. पत्रा जातो, पण बहुतेक वेळा खालून आणि आतून. दाराच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आत साचतं. चाकावरच्या कमानीच्या आत पावसाळ्याचा चिखल थापून बसतो. मुंबईच्या आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तर हा उद्योग दुप्पट जोराने चालतो. खरं संरक्षण करायचं तर तिथे पाण्याचा फवारा मारायला हवा, आणि तकाकीदाराचं लक्ष नेमकं तिथे जात नाही, कारण तिथे चमकण्यासारखं काही नसतं. पक्ष्यांच्या विष्ठेचा आक्षेप याहून सबळ आहे. तिच्यातलं आम्ल आणि एप्रिलचं ऊन यांची गाठ पडली तर क्लिअर कोटवर कायमचा डाग उमटू शकतो. पण त्यावर तांब्याभर पाणी आणि ओला कागद पुरतो. कागद पाचदहा मिनिटं ठेवायचा, घाण भिजली की अलगद उचलायचा. तकाकीदार त्याऐवजी जांभळाचं झाड तोडावं म्हणून कमिटीकडे अर्ज देतो. राहिला पाण्याच्या नासाडीचा मुद्दा. २०२४ च्या मार्चमध्ये टंचाई असताना बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड जाहीर झाला होता. पण हा दोष त्याच्यावर ढकलणं अन्याय होईल: नळी सोडून देऊन फोनवर गप्पा मारणारा तो नव्हे, त्याची पूर्ण गाडी दोन बादल्यांत आटोपते.

सर्वांत चिवट आक्षेप असा: 'छंद आहे हो त्याचा, कोणाचं काय जातं?' गाडी लखलखते तेव्हा त्याला होणारा आनंद अस्सल आहे, हे मला कबूल. त्याला आनंदच म्हणावं. देखभाल म्हटलं की घरच्यांवर कर बसतो. दसऱ्याला पूजा होते, पण स्वस्तिक बोनेटवर नाही, काचेवर. झेंडूची माळ तारेतली नाही, दोऱ्यातली, तीही आरती संपेपर्यंतच. नारळ दहा पावलं लांब फुटतो. (हळदीचा डाग उन्हाने आपोआप फिका पडतो, हे त्याला सांगून पाहायला हरकत नाही. ऐकणार नाही.) आभाळ भरून आलं की बायको-मुलं रिक्षाने. लग्नाच्या कार्यालयाचं पार्किंग झाडाखाली आहे असं कळलं की रिक्षाने. सासूबाईंना स्टेशनवरून आणायचं तर त्यांच्या बॅगा बंपरला घासतील, म्हणून त्याही रिक्षाने. गावाकडची आई नव्या गाडीतून एकदा देवीला नेशील का म्हणून विचारते, पण गावातले शेवटचे तीन किलोमीटर लाल मातीचे आहेत.

एवढं झाल्यावर तो हुकमाचा एक्का टाकतो: रीसेल व्हॅल्यू. चकाकत्या गाडीला जुन्या बाजारात चार पैसे जास्त मिळतात, खोटं नाही. पण हल्ली पारखी गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजणारं खिशात मावेल एवढं यंत्र घेऊन येतं. दार नव्याने रंगवलेलं असेल तर आकडा फुगतो. वर्षानुवर्षं घासलेलं असेल तर आकडा रोडावतो. म्हणजे त्याच्या सेवेची पावती त्याला वजाबाकीत मिळते. शिवाय पावसाला, झाडाला आणि मातीला भिऊन उभी राहिलेली गाडी आतून म्हातारी होते: बॅटरी मान टाकते, रबरी भाग कडक होतात, धुऊन तशीच ठेवल्यामुळे ब्रेकच्या चकत्या गंजतात. तेव्हा तकाकीदाराची गाडी घ्यायला जाणार असाल तर बोनेटमध्ये स्वतःचं तोंड बघत बसू नका. खाली वाका आणि टायरच्या कडेवर उठवलेले चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असेल तर टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातलं, मग वरची नक्षी कितीही कोरी दिसो. चार टायर आणि एक बॅटरी यांचे पैसे आधी किमतीतून वळते करा. तो 'पण रंग बघा ना साहेब' म्हणेल. बघा, मनापासून छान म्हणा आणि रुपयाही वाढवू नका.