गणपूर्ती

आमच्या ऑफिसचा सर्व्हर सगळ्यांचा आहे. बंद पडला की मात्र माझा.

याच सर्व्हरवर केएमएस नावाचं एक खातं चालतं. ऑफिसातल्या प्रत्येक विंडोजला 'तू अधिकृत' असा दाखला ते देतं. दाखल्याची मुदत 180 दिवस. पण विंडोज इतकं पापभीरू, की दर 7 दिवसांनी आपणहून नूतनीकरणाला हजर होतं. मी गाडीची पीयूसीही कधी इतक्या वेळेवर काढलेली नाही.

पूर्वी ही हजेरी नव्हती. 2001 सालच्या एक्सपीच्या घाऊक परवान्यात किल्ली, म्हणजे 'की', घातली की काम झालं. अशीच एक की फुटली, जगभर फिरली, आणि पुढे व्हिस्टापासून घाऊक गिऱ्हाइकांनाही हजेरी लागली. चोरी केली त्यांनी, पाढे म्हणायचे आम्ही.

नवी की आली की साहेब ती फोनवर वाचून दाखवतात. मेलवर पाठवणं म्हणे सुरक्षित नाही. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडणं सुरक्षित.

"बी फॉर बारामती, के फॉर कोल्हापूर, व्ही फॉर वारजे..."

"साहेब, वारजे डब्ल्यूनं."

"आमच्या बसच्या पाटीवर व्हीनं आहे!"

25 अक्षरं अशी उतरतात. घोटाळा नको म्हणून कीमध्ये शून्य नसतं, एक नसतो, एकही इंग्रजी स्वर नसतो. बी आणि आठ मात्र शेजारी शेजारी सुखानं नांदतात.

की स्वीकारली गेली, तरी दाखले मिळेनात. कारण किमान 25 संगणकांनी मागणी केल्याशिवाय केएमएस कामकाजच सुरू करत नाही. आमच्या सोसायटीत गणपूर्ती झाली नाही, तर सभा अर्धा तास तहकूब करून हजर असतील तेवढ्यांत उरकतात. केएमएसच्या उपविधीत ही सोय नाही. आमच्याकडे नवे संगणक 26 होते, पण पुरवठादाराच्या पोरानं एक तयार करून बाकीच्यांवर त्याचीच नक्कल उतरवलेली. सगळ्यांची ओळख एकच, म्हणून केएमएसच्या वहीत हजर एक!

उपाय सोपा. प्रत्येक यंत्रावर 'रीआर्म'ची आज्ञा द्यायची आणि रीस्टार्ट, की ओळख नवी. संध्याकाळपर्यंत, वहीतली ती जुनी ओळख धरून, आकडा 24 वर आला आणि तिथेच बसला. दोन लॅपटॉप मार्केटिंगवाल्यांबरोबर नागपुरात. उरलेला संगणक अकाउंट्सच्या मॅडमचा.

"आज 20 तारीख आहे. जीएसटी भरून होईपर्यंत माऊसलाही हात लावायचा नाही."

"मॅडम, सगळं ऑफिस तुमच्यावर अडलंय."

"ते रोजच अडलेलं असतं," मॅडम स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या.

साडेसातला जीएसटी भरला गेला, मॅडमनी रीस्टार्ट केलं, आणि आकडा 25 झाला.

तेव्हा वाचकहो, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' असं दिसलं, तर त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. आयटीवाला दारात येऊन रीस्टार्ट करा म्हणाला, तर फाइल सेव्ह करा आणि करा. पंचविसावे तुम्हीच असाल.