शुद्ध आवाजवाले

पुण्या-मुंबईच्या बऱ्याच सोसायट्यांत एक तरी 'आवाजवाले' सापडतात. त्यांच्याकडे गाणं ऐकायला गेलं की गाण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी अ‍ॅम्प्लिफायर तापतो, मग पंखा बंद होतो, मग पाहुण्याला बरोबर मधल्या खुर्चीत बसवून 'मान हलवू नका' अशी ताकीद मिळते. मालकंस सुरू होतो आणि पंधराव्या सेकंदाला थांबतो. "तबल्याची शाई ऐकलीत?" पुन्हा तेच पंधरा सेकंद, या खेपेस दुसऱ्या वायरीतून. ख्याल समेवर आलेला त्या दिवाणखान्यात फारसा कुणी ऐकलेला नाही.

या मंडळींचा कान वाईट नसतो, पैसा भलत्या ठिकाणी जातो. सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, म्हणजे सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज तिच्यात मावतो. तरुण कानाची धाव २० पर्यंत; साठीतला त्याच्या बराच आधी दमतो. तरीही यांना फाइल हवी सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची. (घरी वटवाघळांचं येणंजाणं असेल तर गोष्ट वेगळी.) २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. उंची डिस्कचा आवाज मधूनच सीडीच्या मापातून काढायचा आणि फरक ओळखायला सांगायचा. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं जेमतेम निम्मी, नाणेफेकीइतकीच. आवाजवाल्यांचा निकाल असा, की चाचणीतली वायर साधी असणार.

'मग एलपी वेगळी का वाजते?' हा त्यांचा हुकमी प्रश्न, आणि तो खोटा नाही. वाजतेच वेगळी. पण बरेचदा ती करामत असते मास्टर बनवणाऱ्याची. १९९०नंतर अनेक सीडींचा आवाज दाबून, सपाट करून मोठा केला गेला. त्याच गाण्याची एलपी वेगळ्या मास्टरवरून निघाली असेल तर ती मोकळी वाटणारच. उलट एलपीच्या शेवटच्या गाण्यात 'स' फाटतो, कारण आतल्या चरीचा सुईखालून सरकण्याचा वेग बाहेरच्या चरीच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

खरा फरक पडतो तो ज्या त्या माध्यमाची खोड सांभाळल्याने. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची चर रुंद; एलपीची सुई तिच्या तळाशी खरवडत जाते आणि खरखरच जास्त उपसते. तिला सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. वर एलपीसाठी ठरवलेली आवाजाची दुरुस्तीही बंद ठेवावी लागते, नाहीतर अब्दुल करीम खाँसाहेबांचा तार षड्ज गोधडीतून आल्यासारखा वाटतो. कॅसेटचा आवाज बोदा येत असेल तर कापसाला स्पिरिट लावून हेड पुसावं, बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवून त्याचा कोन जुळवावा. पण स्पिरिटचा बोळा पाहुण्यांना कौतुकाने दाखवता येत नाही, हीच अडचण.

'आमचा पैसा, आमचा शौक' याला उत्तर नाही आणि देऊही नये. फक्त त्याला आवाजाचं शास्त्र म्हणू नये. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत सुई, कार्ट्रिज आणि तबकडी किती वेगाने फिरवायची याच्या खुणाही दिल्या. आवाजवाल्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. वायर कोणती दिली, एवढंच ते विचारतात.