एफवायचा मार्शल

जुलैपर्यंत हा मुलगा चारचौघांसारखाच असतो. भूक लागली की खातो, पैसे संपले की मागतो. ऑगस्टमध्ये कॉलेजात सूक्ष्म अर्थशास्त्राची दोन-तीन प्रकरणं होतात आणि मग तो खायचं सोडून 'उपभोग घेऊ' लागतो. पॉकेटमनी वाढवून हवा असेल तर 'माझी बजेटरेषा जरा उजवीकडे सरकवा' म्हणतो.

पुण्यात हल्ली सोसायटीगणिक असा एक असतोच. आमचा वरच्या मजल्यावर राहतो. बारावी सायन्स, जेईईने हात दाखवलेला, 'इकॉनॉमिक्सला आता फार स्कोप आहे' असं कुठल्याशा काकांनी सांगितल्यावर इकडे वळलेला. सुरुवातीला तो चिडलेलाच होता. किंमत बदलली की मागणी बदलते, तर गणिताप्रमाणे किंमत आडव्या अक्षावर हवी. इथे ती उभ्यावर! ही रीत आल्फ्रेड मार्शल नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १८९० च्या ग्रंथातून पाडली म्हटल्यावर याने मार्शलचे मार्क कापले होते. गणपती येईपर्यंत मात्र मार्शल घरचा झाला. वडापाव ही गिफेन वस्तू आहे का, म्हणजे महाग झाल्यावर गरीब माणूस ती जास्तच खातो का, यावर त्याने मला जिन्यात उभं करून ऐकवलं. मला दूध आणायचं होतं.

त्याचं विधान कधी चुकत नाही, कारण प्रत्येक विधानाआधी 'इतर परिस्थिती कायम असता' हे लावलेलं असतं. कांदा महागला तरी आईने तेवढाच आणला? मग इतर परिस्थिती कायम नव्हती. पाहुणे आले होते. बाकी या घरातली इतर परिस्थिती, म्हणजे धुतलेले कपडे, भरलेला फ्रिज आणि वायफाय, आई कायम ठेवते. त्याची आकृती पुस्तकात नाही.

एकदा संध्याकाळी आईने त्याला मेथीची एक जुडी आणायला मंडईत धाडलं. मीही तिथेच होतो. जुडी वीस रुपये.

"मावशी, मेथीची मागणी लवचीक असते. भाव एक टक्का उतरवलात की खप एक टक्क्याहून जास्त वाढतो. तुमचा गल्ला वाढेल."

"म्हंजे?"

"म्हणजे पंधराला द्या. फायदा तुमचाच आहे."

मावशींनी जुडीवर पाणी मारलं. "दिली पंधराला. किती घेतो?"

"एक."

"मग खप कुटं वाढला रं? पाच घे."

सिद्धांताची लाज राखायला त्याने पाच घेतल्या. अंधार पडत आला होता, मेथी उद्यापर्यंत पिवळी पडली असती, आणि मावशींची पाटी रिकामी झाली.

घरी आईने जमिनीवर पेपर पसरला, पाचही जुड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि "निवड" म्हणाली. टीव्हीवर मॅच चालू होती. ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणजे काय, हे त्याला त्या रात्री देठासकट कळलं असावं.

पहिल्या दिवशी भाजी झाली, दुसऱ्या दिवशी ठेपले, मग मुटके. चौथ्या दिवशी वरणात मेथी दिसली तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला आणि घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम मांडला: एकच वस्तू लागोपाठ घेत गेलं की पुढच्या प्रत्येक नगाचं समाधान घटतं, शून्यावर येतं आणि मग ऋण होतं. गोसेन नावाच्या जर्मनाने हे १८५४ मध्येच लिहून ठेवलंय, हेही सांगितलं.

"नियमात सगळे नग एकसारखे लागतात ना?" आई म्हणाली. "आणि मध्ये खंड नको. भाजी परवाच्या आदल्या दिवशी होती. हे वरण आहे. जेव."

आई नव्वदच्या दशकातली बी.कॉम. आहे, हे तो दर वेळी विसरतो.

बाबांचं तसं नाही. ते जेवताना जेईईच्या क्लासची फी काढतात. एका रात्री याने त्यांना शांतपणे समजावलं, की ती फी म्हणजे बुडीत खर्च. गेलेले पैसे काही केलं तरी परत येणार नाहीत, तेव्हा विवेकी माणूस पुढचा निर्णय घेताना ते हिशेबात धरत नाही. मुद्दा शास्त्राला धरून होता. बाबांनी ताक संपवलं.

"पटलं. मग फी बाजूला ठेवूनच पुढचा निर्णय सांगतो. बाइक मिळणार नाही."

दिवाळीनंतर दुसरं सत्र लागलं, स्थूल अर्थशास्त्र सुरू झालं आणि घराची सुटका झाली. मेथी, पॉकेटमनी असल्या किरकोळ बाबींत तो आता लक्ष घालत नाही. रेपो दर ठरवताना रिझर्व्ह बँकेचं कुठे चुकतंय, हे तो लिफ्टपाशी उभा राहून सांगतो. तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. गुडघे दुखत असूनही ते हल्ली जिन्याने उतरतात.